तीन वर्षांची वर्गणी आगाऊ आली, रॉयल्टीही आगाऊ दिली. ताळेबंदात काय दाखवायचं?

जमाखर्च (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्काजवळ एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत मी हिशेब बघते. पतसंस्थांचं कामकाज चालवणारं सॉफ्टवेअर आम्ही वर्गणीवर देतो. ऑडिटर पुढच्या आठवड्यात बसणार आहेत आणि दोन रकमांवर आमच्या ऑफिसात एकमत होत नाही.

पहिली रक्कम. एका पतसंस्थेने १ ऑक्टोबर २०२४ पासून तीन वर्षांची वर्गणी एकदम भरली. बिल ३,६०,००० चं, त्यावर १८ टक्के जीएसटी ६४,८००. संस्थेने १० टक्के टीडीएस कापला, म्हणजे ३६,०००. बँकेत जमा झाले ३,८८,८००.

दुसरी रक्कम. हाताने भरलेले मराठी अर्ज स्कॅन करून वाचणारं एक इंजिन आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलं आहे. ते दुसऱ्या कंपनीचं. त्यांच्याशी १ एप्रिल २०२४ पासून तीन वर्षांचा करार आहे. किमान हमी म्हणून ६,००,००० रुपये आगाऊ दिले, ते परत मिळणारे नाहीत. प्रत्येक शाखेमागे वर्षाला १,००० रुपये रॉयल्टी धरायची आणि या आगाऊ रकमेतून वळती करायची. पहिल्या वर्षी १२० शाखांनी वापरलं, म्हणजे १,२०,००० वळते झाले.

आमच्या सरांचं म्हणणं: पैसे आले, बिल फाडलं, जीएसटीही भरला, मग पूर्ण ३,६०,००० यंदाच्या विक्रीत घ्या. रॉयल्टीचे मात्र फक्त १,२०,००० खर्चात टाका, उरलेले ४,८०,००० मालमत्ता म्हणून दाखवा. बँकेकडून सीसीची (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलाचं कर्ज) मर्यादा वाढवून घ्यायची आहे, त्यामुळे नफा चांगला दिसायला हवा. मला दोन्ही गोष्टी पटत नाहीत, पण सरांसमोर नेमकं काय मांडू ते सांगा. कंपनी खासगी आहे, लिस्टेड नाही, आणि आकाराने लहानच.

अंबाझरी

ताई, पहिल्या रकमेत वादाला जागाच नाही. तुमच्या आकाराच्या कंपनीला इंड एएस (मोठ्या कंपन्यांसाठीची लेखामानकं) लागू नाही. लिस्टेड नसलेल्यांना त्यासाठी २५० कोटींची नेटवर्थ लागते. तुम्हाला एएस ९ (उत्पन्न कधी धरायचं याचं लेखामानक) लागतो. तो १९८५ चा असला तरी तत्त्व स्वच्छ आहे: सेवेचं उत्पन्न सेवा दिली जाईल तसं धरायचं. ३१ मार्च २०२५ पर्यंत तुम्ही सहा महिने सेवा दिली. महिन्याला १०,००० प्रमाणे ६०,००० विक्रीत जातील. उरलेले ३,००,००० त्या पतसंस्थेचं तुमच्यावरचं देणं आहे, आणि ते सेवेच्या रूपात फेडायचं आहे.

टॅलीत ऑक्टोबरची नोंद अशी हवी: बँक नावे ३,८८,८००, टीडीएस येणे नावे ३६,०००, आगाऊ मिळालेलं उत्पन्न जमा ३,६०,०००, जीएसटी देणे जमा ६४,८००. मग दर महिन्याच्या शेवटी जर्नल व्हाउचर टाकून आगाऊ उत्पन्नातून १०,००० विक्रीला न्यायचे. जीएसटी या सगळ्यात कुठेच येत नाही, तो सरकारचा पैसा.

कंपनी कायद्याच्या अनुसूची ३ (ताळेबंदाचा नमुना) प्रमाणे शिल्लक ३,००,००० चे दोन भाग पडतात. पुढच्या १२ महिन्यांचे १,२०,००० चालू देण्यांत, 'इन्कम रिसीव्ह्ड इन ॲडव्हान्स' या ओळीत. त्यापुढच्या १८ महिन्यांचे १,८०,००० दीर्घ मुदतीच्या इतर देण्यांत. पुष्कळ ठिकाणी सगळी रक्कम चालू देण्यांत टाकतात आणि मग करंट रेशो (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) विनाकारण बिघडलेला दिसतो. सरांना बँकेची काळजी असेल तर ही विभागणी त्यांच्याच फायद्याची आहे.

आता टीडीएस. २६एएस मध्ये (आयकर खात्याकडचा तुमच्या टीडीएसचा उतारा) पूर्ण ३,६०,००० आणि ३६,००० दिसणार, उत्पन्न मात्र तुम्ही ६०,००० दाखवणार. त्याला घाबरू नका. आयकर नियम ३७बीए चा तिसरा उपनियम याचसाठी आहे. उत्पन्न अनेक वर्षांत करपात्र असेल तर टीडीएसचं क्रेडिटही त्याच प्रमाणात मिळतं. यंदा सहावा हिस्सा म्हणजे ६,०००. बाकी ३०,००० विवरणपत्रातल्या टीडीएसच्या तक्त्यात पुढे ओढायचे. हा रकाना रिकामा सोडला तर नोटीस येऊ शकते, म्हणून स्वतः बसून तपासा. आयकराला ही विभागणी मान्य आहे का, असं सर विचारतील. आयसीडीएस ४ (आयकरासाठी उत्पन्न मोजायचं मानक) मध्ये ठरावीक मुदतीत सतत चालणाऱ्या सेवेचं उत्पन्न मुदतीवर सरळ रेषेत वाटायला परवानगी आहे.

सावनेरकर

मी ग्राहकाच्या बाजूचा माणूस. पतसंस्थेत व्यवस्थापक आहे. ताई, तुमच्या सरांना आमची बाजूही सांगा.

काही वर्षांमागं आमच्या संस्थेनं एका सॉफ्टवेअरवाल्याला पाच वर्षांचे पैसे एकदम देले होते, सूट मिळून राहिली होती म्हणून. दीड वर्षानं त्यांचा फोन लागेना. सर्व्हर बंद, आवर्त ठेवीच्या पासबुकाची छपाई बंद, काउंटरवर म्हाताऱ्या बाया ताटकळत. नवीन सॉफ्टवेअर घेतलं तवा सभासदांसमोर दुसऱ्यांदा खर्च मंजूर करून घ्यावा लागला. नंतर समजलं, त्यायनं आलेले सगळे पैसे पहिल्याच वर्षी कमाई समजून जागा घेतली, माणसं वाढवली. साडेतीन वर्षांची सेवा द्यायची बाकी आहे, हे त्यायच्या पुस्तकात कुठंच लिहिलेलं नव्हतं. पुस्तकात असतं तर निदान त्यायच्या डोळ्यासमोर तरी असतं.

तुमच्याकडे जे ३,००,००० आहेत ते आमच्यासारख्याच कोण्या संस्थेच्या सभासदांचे आहेत. ते देण्यांतच दिसू द्या.

बर्डी_बँकर

मी राष्ट्रीयीकृत बँकेत कर्जविभागात होतो, आता निवृत्त आहे. सरांच्या डोक्यात बँकेचा हिशेब जसा आहे तसा तो नसतो, म्हणून लिहितो.

लहान उद्योगांना सीसी देताना टर्नओव्हर पद्धत वापरतात. अपेक्षित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के खेळत्या भांडवलाची गरज धरायची, त्यातले विक्रीच्या २० टक्के बँक देणार, ५ टक्के मालकाचे. नायक समितीची ही पद्धत. तेव्हा विक्री फुगवली की मर्यादा वाढते, इथपर्यंत सरांचं बरोबर. पण मर्यादा मंजूर होणं वेगळं आणि उचल मिळणं वेगळं. उचल ड्रॉइंग पॉवरवर मिळते, आणि ती साठा व येणी यांवर ठरते. आगाऊ पैसे घेतलेल्या ग्राहकाकडून येणं शून्य. तुमच्याकडे साठाही नाही. मग वाढलेल्या मर्यादेचा उपयोग काय?

आणि पुढचं वर्ष? या ग्राहकाची २०२५-२६ ची विक्री शून्य दिसेल, कारण ती आधीच घेऊन टाकली. नूतनीकरणाला कागद आले की अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतो, विक्री का घटली. त्यापेक्षा आगाऊ उत्पन्नाची शिल्लक दोन-तीन वर्षं वाढत जाताना दाखवा. पुढच्या कामाची हमी म्हणून आम्ही ती ओळ आवर्जून वाचत असू. टर्म लोनसाठी तर ती फार बोलकी असते.

मिहान

मोठ्या कंपनीत आहे, आम्हाला १ एप्रिल २०१८ पासून इंड एएस ११५ (उत्पन्न धरण्याचं मानक) लागू आहे. त्यातली एक गोष्ट लहान कंपन्यांनीही उचलावी: ग्राहकाला आपण नेमकी कोणकोणती वचनं दिली, ते आधी वेगळं काढायचं आणि मग किंमत वाटायची.

समजा तुम्ही ग्राहकाच्या सर्व्हरवर कायमचं लायसन्स २,००,००० ला दिलं आणि पहिल्या वर्षाची एएमसी (वार्षिक देखभाल) 'फुकट'. एएमसी एरवी ४०,००० ला विकता. मग ती फुकट नाही. दोन्हींची स्वतंत्र किंमत २,४०,०००, म्हणून आलेल्या २,००,००० पैकी ३३,३३३ एएमसीचे. तेवढे पुढे ढकलायचे, १,६६,६६७ लायसन्स सुरू झालं त्या दिवशी उत्पन्न. सुरुवातीला घेतलेल्या 'सेटअप चार्जेस'चंही तसंच. त्या सेटअपचा ग्राहकाला वर्गणीशिवाय काही उपयोग नसेल तर ते वेगळं उत्पन्न होत नाही, वर्गणीबरोबरच पसरतं.

जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांनाही यावर मत बदलावं लागलं आहे. विंडोज १० आलं तेव्हा मायक्रोसॉफ्ट त्याचं उत्पन्न संगणकाच्या अंदाजे आयुष्यभर पसरवत होती, कारण पुढचे अपडेट फुकट द्यायचं कबूल केलं होतं. जुलै २०१७ पासून त्यांनी नवा अमेरिकी नियम स्वीकारला आणि त्यातलं बहुतेक उत्पन्न विक्रीच्या वेळीच धरायला लागले. ॲपलने पहिल्या आयफोनचं उत्पन्न २४ महिन्यांवर वाटलं होतं, तेही अपडेटच्याच कारणाने; २००९ मध्ये नियम बदलल्यावर तेही बदललं. म्हणजे किती पुढे ढकलायचं यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. पण तीन वर्षांची ऑनलाइन सेवा पहिल्या दिवशी पूर्ण दिली असं कुठलाच नियम म्हणत नाही.

उलट्या बाजूचं उदाहरण मायक्रोस्ट्रॅटेजी या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीचं. सेवेशी बांधलेले सॉफ्टवेअरचे करार त्यांनी सुरुवातीलाच उत्पन्नात घेतले होते. २० मार्च २००० ला आधीचे आकडे मागे घेण्याची घोषणा झाली आणि शेअर एका दिवसात सुमारे ६२ टक्के पडला. आपल्याकडे बायजूजचे २०२०-२१ चे आकडे सप्टेंबर २०२२ मध्ये आले, तोटा साडेचार हजार कोटींच्या वर. उत्पन्न धरण्याची पद्धत बदलून बरंचसं पुढच्या वर्षांत ढकलावं लागलं, हे त्यातलं एक कारण कंपनीनेच सांगितलं होतं.

जमाखर्च

सगळ्यांचे मनापासून आभार. सावनेरकर काका, तुमचा प्रतिसाद मी सरांना जसाच्या तसा वाचून दाखवला. वर्गणीचं त्यांना पटलं. बर्डी_बँकर काकांचा ड्रॉइंग पॉवरचा मुद्दा ऐकल्यावर तर त्यांनी स्वतःच विषय संपवला. रॉयल्टीवर मात्र ते ठाम आहेत: "६ लाख दिलेत, १,२०,००० वापरले, ४,८०,००० उरले, यात चूक कुठे?"

मुळशी

पुण्याहून लिहितोय. मी आधी एका गेम बनवणाऱ्या कंपनीच्या हिशेबात होतो, तिथे आगाऊ रॉयल्टी हाच मोठा खर्च असायचा. प्रसिद्ध कार्टून पात्र वापरायचं तर त्याच्या मालकाला किमान हमी आधीच द्यावी लागते, गेम चालो न चालो.

सरांच्या वाक्यात 'उरले' हा शब्द चुकतोय. मालमत्ता तेवढीच दाखवता येते जेवढी पुढच्या विक्रीतून वसूल होईल. ताई, पुढच्या दोन वर्षांत किती शाखा वापरतील असा अंदाज आहे?

जमाखर्च

विक्री विभाग म्हणतो दुसऱ्या वर्षी १६०, तिसऱ्या वर्षी २००.

मुळशी

मग तीन वर्षांचं वळतं होईल १२०, १६० आणि २०० मिळून ४८० हजार. दिले ६,००,०००. म्हणजे सगळं मनासारखं झालं तरी १,२०,००० कधीच वळते होणार नाहीत. सरांच्या पद्धतीने ते तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी एकदम तोट्यात पडतील. गेमच्या धंद्यात म्हणून कराराचा दर बाजूला ठेवून खरा दर काढतात. ६,००,००० भागिले ४८० म्हणजे शाखेमागे १,२५०. या दराने यंदाचा खर्च १,५०,००० होतो.

आमच्याकडे दर तिमाहीला प्रत्येक पात्राचा तक्ता निघायचा: दिलेली हमी, आतापर्यंत वळती, पुढचा अंदाज, कमी पडणारी रक्कम. एका गेमचं डाउनलोड पहिल्याच महिन्यात बसलं आणि त्याच तिमाहीत उरलेली सगळी हमी खर्चात टाकली. त्या तिमाहीचे आकडे फार वाईट दिसले, पण पुढच्या गेमचं बजेट खऱ्या आकड्यांवर झालं.

अंबाझरी

मुळशी, १,२५० चा दर बरोबर, पण मी यंदा २,००,००० घेईन. कारण सांगतो.

हक्क तीन वर्षांचा आहे, मुदत संपली की शून्य. शाखांचा अंदाज विक्री विभागाचा, म्हणजे आशेचा. एएस २६ (लायसन्ससारख्या अमूर्त मालमत्तांचं लेखामानक) म्हणतो की फायदा कसा मिळेल हे खात्रीने ठरवता येत असेल तर त्याप्रमाणे खर्च वाटा, नाहीतर सरळ रेषेत. सरळ रेषेत ६,००,००० चा तिसरा हिस्सा २,००,०००. अमेरिकेतल्या लेखानियमांत, विक्रीसाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरच्या भांडवली खर्चासाठी १९८५ च्या एफएएस ८६ या मानकापासून हाच दंडक आहे: विक्रीच्या प्रमाणात येणारा आकडा आणि सरळ रेषेचा आकडा, यातला मोठा घ्यायचा. नवीन उत्पादनाला हे फार योग्य आहे, कारण पहिल्या वर्षी विक्री कमी आणि अंदाज मोठा असतो. म्हणजे ३१ मार्चला शिल्लक ४,००,०००; त्यातले २,००,००० वर्षभरात संपणारे, २,००,००० त्यापुढचे.

गंमत म्हणजे इंजिनवाल्या कंपनीच्या पुस्तकात याचंच चित्र वेगळं असू शकतं. त्यांना इंड एएस ११५ लागू असेल आणि इंजिन सुपूर्त केल्यावर त्यांना काही करायचं उरलं नसेल, तर हमीचे ६,००,००० ते पहिल्याच दिवशी उत्पन्न धरू शकतात. शाखांवरची रॉयल्टी हमीच्या वर गेली तर तेवढीच पुढे, वापर होईल तशी. तुमचा खर्च तीन वर्षांवर आणि त्यांचं उत्पन्न एका दिवसात. दोन्ही बरोबर. 'समोरच्याने असं दाखवलं' हा युक्तिवाद म्हणूनच चालत नाही.

कोडकरी

मी डेव्हलपर आहे, हिशेबातलं फार कळत नाही, पण वाचताना एक विचारावंसं वाटतं. हे इंजिन तुम्ही खरंच तीन वर्षं वापरणार का? अक्षर ओळखणारी साधनं इतक्या वेगाने सुधारत आहेत की आमच्याकडे मागच्या वर्षी घेतलेलं एक लायसन्स आता कोणी उघडूनही बघत नाही.

जमाखर्च

कोडकरी, तुमचा प्रश्न मी आज आमच्या टीमला विचारला. एप्रिल २०२६ च्या आवृत्तीत स्वतःचं इंजिन घालायचा विचार चालू आहे, असं कळलं. हे लेखाविभागाला कोणीच सांगितलं नव्हतं. पक्कं नाही, चाचण्या सुरू आहेत.

अंबाझरी

ताई, हे या धाग्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य. निर्णय पक्का झाला तर इंजिनचं तुमच्यासाठी एकूण आयुष्य तीन वर्षांवरून दोनवर येतं. मग ४,००,००० पूर्ण २०२५-२६ मध्येच खर्ची पडतील. अंदाज बदलला म्हणून मागचं वर्ष उकरायचं नाही, पुढे बदल लागू करायचा. ३१ मार्चपर्यंत निर्णय झालेला नव्हता, तेव्हा यंदाचे २,००,००० तसेच राहतील. पण ऑडिटरला हे आत्ताच सांगा. टीमचा ईमेल फाइलला लावा.

मिहान

मी दोन्ही करारांच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. पतसंस्थेची वर्गणी ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत. इंजिनचा करार ३१ मार्च २०२७ ला संपतो. स्वतःचं इंजिन तयार झालं नाही, तर शेवटचे सहा महिने तुम्ही पैसे घेतलेल्या ग्राहकाला अर्ज वाचायची सोय कशाच्या जोरावर देणार? वर्गणीच्या करारात ती सोय लिहिलेली आहे का?

जमाखर्च

लिहिलेली आहे. जोडपत्रात, सोयींच्या यादीत. तुमचं वाचून लगेच इंजिनचा करार काढला. त्यात एक कलम सापडलं: मुदत संपल्यावर जुन्या ग्राहकांना त्यांचा करार संपेपर्यंत इंजिन वापरता येईल, शाखेमागे वर्षाला १,००० याच दराने, पण ते पैसे आगाऊ रकमेतून वळते होणार नाहीत. वेगळे भरायचे.

मुळशी

उत्तम. म्हणजे सोय बंद पडणार नाही. आणि हमीतले न वळलेले पैसे त्या सहा महिन्यांत वापरता येणार नाहीत, हेही स्पष्ट झालं. ३१ मार्च २०२७ नंतर शिल्लक शून्यच हवी.

सावनेरकर

ताई, ते जोडपत्र आमच्यासारख्या ग्राहकाला पण एकदा समजावून सांगत जा. कोणती सोय दुसऱ्याच्या इंजिनावर चालते हे आमाले माहीतच नसते.

अंबाझरी

एक जीएसटीचं सांगायचं राहिलं. सेवेत बिल किंवा पैसे, जे आधी येईल तेव्हा कर भरावा लागतो, म्हणून तुमचे ६४,८०० गेले ते बरोबरच. पण तुम्ही तीन वर्षांचं एकच बिल फाडलं आहे. उद्या २०२६ मध्ये ग्राहकाने करार मोडला आणि उरलेले पैसे परत मागितले, तर करासह क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढायची मुदत ३० नोव्हेंबर २०२५ ला संपलेली असेल. ग्राहकाला कराची रक्कम परत द्याल आणि ती स्वतःला सोसावी लागेल. यापुढे बहुवार्षिक करारात बिल वर्षावर्षाचं काढा आणि आगाऊ रकमेला रिसीट व्हाउचर द्या. कर तेव्हाही लगेच भरायचाच, पण बिल न निघालेल्या वर्षांचे पैसे परत करायची वेळ आली तर रिफंड व्हाउचरचा रस्ता मोकळा राहतो.

जमाखर्च

कळलं. नवीन करारांचा मसुदा तसा बदलायला घेते. आत्ताचं असं ठरलं: विक्री ६०,०००, आगाऊ उत्पन्न ३,००,००० दोन भागांत, टीडीएस क्रेडिट ६,०००, रॉयल्टी खर्च २,००,०००, आगाऊ रॉयल्टी शिल्लक ४,००,००० दोन भागांत. सरांनी सही केली. मुळशींचा तो तक्ता मी इंजिनसाठी बनवलाय आणि त्यात आणखी एक रकाना जोडलाय: ज्या ग्राहकांचे आगाऊ पैसे आपल्याकडे आहेत, त्यांची मुदत कोणत्या तारखेला संपते. आमच्याकडे असे १७ ग्राहक निघाले, त्यातल्या चौघांची मुदत मार्च २०२७ च्या पुढे जाते. त्या चौघांच्या सहा महिन्यांच्या रॉयल्टीची तरतूद आत्ताच करायची का?

अंबाझरी

नको. ती रॉयल्टी त्या महिन्यांतल्या वापराची आहे, वापर झाल्यावरच देणं तयार होतं. करार तोट्यात जात असता तर आत्ता तरतूद लागली असती. इथे महिन्याला १०,००० उत्पन्नासमोर शाखेमागे ८३ रुपये आहेत. एप्रिल ते सप्टेंबर २०२७ मध्ये दर महिन्याला खर्च टाका. बजेटमध्ये मात्र आजच लिहून ठेवा.